अहो-सान

वसुधावहिनींचा फोन आला तेव्हा मी ओसाकात ट्रेनमध्ये होतो. इथे ट्रेनमध्ये कुणी फोनवर बोलत नाही. ती शिस्त इतकी अंगात मुरली आहे, की थरथरणारा फोन मुठीत धरून मी पुढचं स्टेशन येईपर्यंत नुसता उभा राहिलो. काय ऐकायचं आहे ते ठाऊक होतं, म्हणूनही असेल... फलाटावर उतरून फोन लावला. "भावोजी, हे गेले," एवढंच त्या म्हणाल्या. अरविंद वर्षभर आजारी होता, मनाची तयारी वगैरे सगळं झालं होतं. तरीही त्या फलाटावर पहिला विचार मनात आला तो हा, की आता या देशात मला 'गाढवा' म्हणून हाक मारणारं कुणी उरलं नाही.

पुण्यातल्या कॉलेजपासूनचा हा मित्र. धातूंवर संशोधन करायला माझ्या आधी जपानला, ओसाकाला आला आणि इथलाच झाला. पन्नाशीच्या तोंडावर लोक गुडघ्यांचे एक्स-रे काढतात, याने विमान चालवायचा परवाना काढला. क्लबचं चार माणसांचं छोटं विमान होतं, ते आळीपाळीने मिळायचं. सुट्टी लागून आली की तंबू घेऊन कुठल्या तरी डोंगरातल्या धावपट्टीवर उतरायचं, रात्र काढायची आणि परत यायचं. निघण्यापूर्वी सगळ्या सामानाचं वजन व्हायचं, त्यात वहिनींच्या थालीपिठांचा डबाही काट्यावर चढायचा. "इंधन कमी घ्या, पण डब्याला हात लावू नका," असं वहिनी म्हणायच्या आणि तो त्यांना विज्ञान समजावत बसायचा.

भूकंप झाला त्या वर्षी आम्ही तोक्योत, फुनाबोरीला राहत होतो. माझी मुलगी मुक्ता दुसरीत होती. ट्रेन बंद पडल्या, मी ऑफिसातून चालत तिच्या शाळेपर्यंत पोचलो तेव्हा अंधार झाला होता आणि ती मैदानात डोक्यावर भूकंपासाठीचं जाड टोपडं बांधून बसली होती. पुढे काही महिन्यांनी मी ओसाकाला बदली करून घेतली. इथली जमीन शांत होती, पण मुक्ता नव्हती. छप्पर कोसळेल म्हणून ती जेवणाच्या टेबलाखाली झोपायची, पायात बूट घालून, आणि झोपायची म्हणजे टक्क जागी असायची. काहीही विचारलं की "दाइजोबु", म्हणजे 'मी ठीक आहे'. हसणं तर विसरूनच गेली होती. माझी बायको मेधा म्हणाली, पोर अशीच राहणार असेल तर उन्हाळ्यानंतर आपण पुण्याला परत जायचं. मला जायचं नव्हतं, पण बोलायला तोंडही नव्हतं.

अरविंदने हे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "तिला छप्पर नकोय ना गाढवा? मग बिनछपराच्या जागी नेऊ."

मेधाची हिंमत झाली नाही, ती घरी थांबली. मुक्ताने मात्र जपानीत एकच प्रश्न विचारला, आकाशात भूकंप होतो का? नाही म्हटल्यावर ती निमूट मागच्या सीटवर, वहिनींशेजारी जाऊन बसली.

ओसाकाच्या पश्चिमेला डोंगरमाथ्यावर ती धावपट्टी होती. शेतकऱ्यांची भाजी आणि फुलं विमानाने शहरात पाठवायची म्हणून कुणी तरी बांधलेली. भाजी काही फारशी उडाली नाही, अरविंदसारखे हौशी तेवढे उतरायचे. तिथे रेडिओवर मोरिता-सान, म्हणजे आपल्याकडचे 'मोरिताराव', बसत, जन्माने ओसाकाचे. आम्ही अगदी खाली आलो होतो, अरविंद बटण दाबून त्यांच्याशी अदबीने बोलत होता, तेवढ्यात वहिनी मागून किंचाळल्या, "अहो! अहो! अहो, हरीण!"

वहिनींचा आवाज मुळातच माइकची वाट न बघणारा. तो थेट मोरिता-सानच्या कानात गेला. आता ओसाकात 'अहो' म्हणजे मूर्ख!  रेडिओवरून अत्यंत नम्र आवाजात मोरिता-सान म्हणाले, "माफ करा..." आणि खाली एक माणूस टोपी हलवत हरणामागे धावपट्टीवर पळत सुटलेला दिसला. अरविंदने विमान पुन्हा वर घेतलं. मागून एक विचित्र आवाज येत होता. वळून बघतो तर मुक्ता पोट धरून हसत होती. किती महिन्यांनी... मी पुढे तोंड करून घेतलं, नाही तर हवेतच रडलो असतो.

उतरल्यावर मोरिता-सान कंबरेत वाकून हरणाबद्दल माफी मागत होते. मुक्तानेच त्यांना समजावलं, की आमच्यात बायका नवऱ्याला अशीच हाक मारतात. ते विचारात पडले. म्हणाले, "आमच्यातही मारतात. पण पाहुण्यांसमोर नाही." त्या दिवसापासून त्या डोंगरावर अरविंदचं नाव 'अहो-सान' पडलं.

जेवणं झाली, मुक्ताला अरविंद आणि वहिनींच्या मध्ये तंबूत झोपवलं. मी दाराशी बसलो होतो, तेव्हा जमीन हलली. फार नाही, पण हलली. मुक्ताने अरविंदचा हात घट्ट धरला. मी काही बोलणार तोच तिने विचारलं, चक्क मराठीत, "काका, तुम्ही घाबरलात?"

"हो. चांगलाच," तो म्हणाला. "बघ, हात थरथरतोय."

"मग आता?"

"आता झालं ना घाबरून? झोपू या."

आणि तो खरंच घोरायला लागला. आम्ही सगळे तिला महिनोन्‌महिने 'घाबरू नकोस' म्हणत होतो. घाबरलं तरी चालतं, हे तिला कुणीच सांगितलं नव्हतं. सकाळी तिला हलवून उठवावं लागलं. बूट तिने कधी काढून ठेवले कुणास ठाऊक. आम्ही पुण्याला गेलो नाही.

मुक्ता आता क्योतोला शिकते. वहिनींचे भाऊ रोज पुण्याहून फोन करतात, एकटी काय करणार तिकडे, ये निघून. मलाही काळजी होतीच. गेल्या रविवारी त्यांच्याकडे गेलो, तर छान ऊन पडलं होतं आणि गॅलरीत दोन गाद्या वाळत घातलेल्या. दर रविवारी गाद्यांना ऊन दाखवायचं काम अरविंदचं. त्याची गादी बघून मला भरून आलं. वहिनी सवयीने चुकून घालत असणार, या घरात त्यांना कसं एकटं ठेवायचं... शब्द जुळवत मी म्हणालो, "वहिनी, दोन कशाला?"

दुसरी गादी बडवता बडवता त्या म्हणाल्या, "अहो भावोजी, आज मुक्ता येतेय राहायला. पुढच्या आठवड्यात मोरिता-सानची नात येणार आहे, तिची ओसाकात परीक्षा आहे. रिकामी कशी ठेवू?"