सरासरीचं पोर

साक्री तालुक्यातल्या त्या डोंगरगावात अंगणवाडीच्या अक्कांइतकं गणिताला भिणारं माणूस नव्हतं, आणि गणितानं इतकं झपाटलेलंही दुसरं कुणी नव्हतं. मी तिथला शाळामास्तर. दर महिन्याला पोरांच्या वजनांची सरासरी मीच काढून द्यायचो. एकदा अक्कांनी विचारलं, एवढ्या वजनाचं पोर नेमकं कोणतं? मी म्हटलं, कोणतंच नाही. झालं! दुसऱ्या दिवसापासून खिचडीच्या पंगतीत एक पाट रिकामा. त्यावर म्हणे सरासरीचं पोर बसतं. मी हसलो. पण पोरं खरंच त्या पाटाला वळसा घालून जायला लागली, आणि एका भर दुपारी तिथं कुणीतरी मान खाली घालून बसलंय असं मलाही वाटलं. खोटं कशाला बोलू, अंगावर काटा आला.

अक्का त्या पोराला लबाड म्हणायच्या. ठेकेदाराचा गुटगुटीत भाचा महिनाभर राहायला आला, तर हे एक घास न खाता जाड झालं! मग मी त्यांना मधला आकडा शिकवला. पोरं वजनानं ओळीत उभी करायची आणि बरोबर मधलं बघायचं. हा गुटगुटीत भाच्याला भुलत नाही, हे अक्कांना पटलं. पण हा ओळीच्या टोकाकडेही बघत नाही, हे त्यांनीच मला दाखवलं. सगळ्यात जास्त वेळा येणारा आकडा शोधला, तेव्हा कळलं की वजनकाट्याची सुईच तिथं अडकते.

ओळीच्या टोकाला मंगी उभी असायची, तीन वर्षांची, दर महिन्याला थोडी उतरलेली. तिला धुळ्याच्या दवाखान्यात न्यायला अक्का गाडी मागत राहिल्या. वरून, तालुक्याच्या साहेबांकडून, उत्तर यायचं, तुमच्या गावाची सरासरी चांगली आहे. दिवाळीनंतर मंगीचे आईबाप ऊसतोडीला गुजरातेत गेले, तिला घेऊन.

त्या महिन्यात सरासरी चढली. साहेबांनी अभिनंदनाचा फोन केला. अक्कांनी सगळं ऐकून घेतलं आणि हळूच म्हणाल्या, "साहेब, पोरं जड नई व्हयनात. हलकी पोर चालनी गई."

मंगी परत आली नाही. कुठं आहे, कशी आहे, कुणाला ठाऊक नाही. अक्का अजून तक्त्यात पहिलं नाव तिचंच लिहितात, पुढची वजनाची जागा कोरी ठेवतात आणि तक्ता माझ्याकडे देतात. मी तिला सोडून भागाकार करतो. उत्तर बरोबर येतं, आणि मला स्वतःची लाज वाटते.