खाणीखालच्या पाड्यावर, डोळे उघडे ठेवून

जिथून पळून यावंसं वाटतं, तिथे माणूस परत का जातो? मला सांगता येणार नाही. विरारच्या पूर्वेला दगडखाणीखालच्या पाड्यावर माझी मावशी राहते. बी.ए. झाल्यावर "दर रविवारी तुमच्या पोरांना शिकवीन" असं मी तिला सांगून बसले होते. घरातली पहिली पदवीधर मी. शब्द मोडणं बरं दिसेना. म्हणून दिवाळीनंतर वर्गासाठी जागा बघायला गेले.

तुम्ही जाणार असाल तर स्टेशनबाहेरून सहा आसनी रिक्षा फाट्यापर्यंत सोडते, पुढे चालत. डंपर अंगावर आल्यासारखे येतात. नाकाला रुमाल हवाच. फाट्यावरचा वडा झकास, पण खडीची धूळ बसायच्या आत खा. वळणावर डोंगर दिसतो: एक बाजू झाडीची, दुसरी कापून उघडी केलेली. तिथूनच परत फिरावंसं वाटलं.

मावशीने तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी वाढली. दुसरा घास घेते तोच वर खाणीत शिट्टी वाजली. सुरुंग! मी खाटेखाली घुसायला धावले. मावशीने दंड धरून अंगणात ओढलं.

"घरात नाय, बाय! पत्र्यातून येनारा दगड दिसत नाय. भायेर उभी रा, वर बघ."

अख्खा पाडा माना वर करून अंगणांत उभा होता. दगड येताना दिसला तर बाजूला होता येतं, एवढाच त्यांचा बंदोबस्त. मी मात्र डोळे घट्ट मिटून मान खाली घातली.

"लग्नाला उभी रायली काय गो ही?" शेजारची काकू हसली.

जमीन हादरली. मावशीने मला जोरात हिसडा दिला. डोळे उघडले तर मी उभी होते तिथे नारळाएवढा दगड. काकूचं हसू थांबलं होतं.

"दुसरीकडे राहायला जा ना गं," मी रडत म्हणाले.

"आमी कुठं जाव? तू पोरांना शिकव. ती जातील."

घरी येऊनही कुकरच्या शिट्टीला मी दचकत होते. आईला दगडाचं सांगितलं नाही. आता दर रविवारी मावशीच्या अंगणात वर्ग भरतो. फळा मी डोंगराकडच्या खांबाला टांगलाय, म्हणजे मुलांची नजर डोंगरावर राहते. त्याच्याकडे पाठ फक्त माझी असते.