बाराव्या दारापुढचा दगड

भाग्यलक्ष्मीचा राग अख्ख्या चामराजपेटेला ठाऊक होता. तिच्या वडिलांचं तिथे व्हिडिओ गेमचं पार्लर होतं. शाळा सुटली की ती दप्तरासकट गल्ल्यावर बसायची आणि गिऱ्हाईक नसलं की मशीनवर. वडील सांगायचे, "हरलेलं गिऱ्हाईक परत येतं. फसलेलं मशीनला लाथ घालून जातं."

पार्लर कधीच बंद पडलं. शेहेचाळिसाव्या वर्षी तिला बसवनगुडीतल्या एका छोट्या कंपनीत गेम तपासायचं काम लागलं. कंपनी पुण्याहून आलेल्या शंतनुची. तिथे जुन्या धाटणीचा, ठसठशीत चौकोनी ठिपक्यांचा गेम बनत होता. प्राचीन इजिप्तमधली एका मेलेल्या लेखनिकाची मुलगी बापाला शोधत पाताळात उतरते. उड्या मारत, भिंती चाचपत, चोरवाटा धुंडाळत बारा दारं ओलांडते. शेवटच्या दारात कोल्हेतोंड्या अनुबिस तराजू घेऊन उभा. एका पारड्यात काळीज, दुसऱ्यात सत्याचं पीस.

भाग्यलक्ष्मी त्या गेमवर खूश होती. पण बाराव्या दारापुढचा एक दगड तिला खटकला. तीच जागा, तीच उडी, तरी दगड कधी टिकायचा, कधी पायाखालून सुटायचा आणि मुलगी थेट नवव्या दाराशी. तिने वही घेतली आणि शंभर उड्या मारल्या. चोवीस वेळा दगड सुटला, आणि कधी सुटेल याचा काही नेमच नाही.

"तो बग नाही, भाग्यक्का," शंतनु हसत म्हणाला. "मीच टाकलंय ते. नाहीतर लोक दोन दिवसांत गेम संपवतात. जुने गेम असेच हार्ड असायचे ना?"

"अवघड असायचे रे, लबाड नव्हते!" तिचा आवाज चढला. "तिथे मी पडले तर चूक माझी असायची. इथे माझी चूक दाखव की. सत्याच्या तराजूपुढे माणसाला फसवतोस?"

"चिल, अक्का. प्लेअरला कळणारपण नाही."

हे ऐकून तिच्या अंगाचा तिळपापड झाला. तिने लेखी कळवलं, एकदा नव्हे, तीनदा. तिसऱ्यांदा तर त्याने न वाचताच 'निकाली' लिहून टाकलं.

मग गेम बाजारात आणणाऱ्या मुंबईच्या कंपनीतली शाल्मली पाहायला येणार असं ठरलं. त्या सकाळी शंतनु भाग्यलक्ष्मीला हळूच म्हणाला, "शेवटचं दार तुम्ही खेळून दाखवा. आजच्या कॉपीत दगड पक्का केलाय."

म्हणजे आता पाहुणीलाही टोपी! भाग्यलक्ष्मी कानडीत "सरी", म्हणजे बरं, एवढंच म्हणाली. शाल्मली येऊन बसली, तेव्हा तिने ती कॉपी बंद केली, लोकांच्या हाती जाणार होती ती उघडली आणि कंट्रोलर सरळ पाहुणीच्या हातात दिला.

"हा खराखुरा गेम. तुम्हीच खेळा."

शंतनुचा चेहरा पडला.

शाल्मलीचा हात तयार होता. तरी दगड सुटला. नवव्या दारापासून ती पुन्हा आली, पुन्हा नेमकी उडी मारली, पुन्हा खाली.

"माझं काय चुकलं?"

"काही नाही. तो दगड मनाला येईल तेव्हा सुटतो. विचारा ह्याला."

शाल्मलीने कंट्रोलर टेबलावर ठेवला. "हे काढा. नाहीतर आम्ही गेम घेणार नाही," ती शंतनुला म्हणाली.

संध्याकाळपर्यंत दगड पक्का झाला. पाहुणी गेल्यावर शंतनुने दार लावून घेतलं. "माझ्याशी एकट्याने बोलता आलं असतं, अक्का. चार लोकांत माझी इज्जत काढलीत."

"तीनदा बोलले! तेव्हा स्वल्प कान दिला असतास तर?" तिने वही टेबलावर आपटली. "आणि इज्जत मी नाही काढली. तू बसवलेल्या दगडाने काढली."

महिनाअखेरीस त्याने तिला काम नसल्याचं सांगितलं. आता ती येलहंक्याच्या एका कंपनीत जाते. रोज दोन बस बदलाव्या लागतात. इजिप्तचा तो गेम चांगला चालला. शेवटचं दार कठीण पण न्यायाचं आहे, असं लोक लिहितात. तिच्या बहिणीने कौतुकाने ते वाचून दाखवलं, तर भाग्यलक्ष्मी उसळून म्हणाली, "त्या न्यायासाठी माझी नोकरी गेली, ते लिहिलंय का कुणी?"