दिनकरच्या माइकपाशी

पुण्याहून कोल्हापूरला मी कितीदा गेलोय, पण गिटार न घेता निघालो तो पहिल्यांदाच. एका ऑर्केस्ट्रात मी बेस गिटार वाजवतो. एसटीत चढताना सवयीनं पट्टा सावरायला हात गेला आणि खांदा मोकळाच लागला. झालं! बस सुटायच्या आतच माझे डोळे भरले. माझं हे असंच आहे, लग्नात नवरीच्या आधी मी रडतो.

गेला होता तो दिनकर, कोल्हापूरच्या ‘रंकाळा बीट ग्रुप’चा गायक. दिवसा फौंड्रीत (ओतकामाच्या कारखान्यात) काम करायचा आणि संध्याकाळी रॉक म्हणायचा, तेही मराठीतून, स्वतः बांधलेलं. एकदा पुण्यातल्या कॉलेजच्या गॅदरिंगला त्यांचा बेसवाला ऐनवेळी आला नाही, म्हणून मी त्यांच्यात उभा राहिलो, आणि मग कायमचा त्यांचाच झालो. तिशीसुद्धा गाठली नव्हती हो त्यानं! कावीळ अंगावर काढली आणि संपलं सगळं. मला कळलं तेव्हा अंत्ययात्रा होऊन गेली होती. निदान तेराव्याला तरी पोचावं म्हणून निघालो.

कराड मागे पडलं तसा दोन्ही बाजूंना ऊस सुरू झाला. गुऱ्हाळांचा धूर आणि काकवीचा गोड वास खिडकीतून आत येत होता. एरवी या वासानं मी खूश होतो. त्या दिवशी मात्र खिडकी लावून घेतली.

कोल्हापूरला उतरल्यावर पोटात कावळे ओरडत होते. स्टँडसमोर मिसळ मागवली आणि मोठ्या तोऱ्यात कट (वरचा झणझणीत रस्सा) जास्त घेतला. दोन घासांत नाका-डोळ्यांतून धारा! गल्ल्यावरचे मालक हसले.

“काय पावणं (पाहुणे), झोंबलं व्हय?”

“दिनकरकडे आलोय,” एवढंच म्हणालो.

त्यांचं हसू मावळलं. उठून त्यांनी स्वतः पाण्याचा तांब्या माझ्यापुढं ठेवला. “मग रडा की निवांत. ह्या पंधरवड्यात हितं समदी मिसळीच्या नावावर रडाय लागल्यात.”

कोल्हापूरच्या रिक्षा म्हणजे नटव्या, आरसे काय, गोंडे काय! मला मिळाली तिच्या आरशाखाली दिनकरचा फोटो होता, त्याला ताजा हार. मी पत्ता सांगायच्या आत रिक्षावाल्यानं वळण घेतलं. “तुमच्या तोंडाकडं बघूनच कळलं कुठं जायाचं त्ये,” तो म्हणाला. “मागच्या सीटवर बसून गात यायचा ओ. मी मुद्दाम लांबनं न्यायचो.”

दिनकरचं घर एका बोळात आहे. वडील तो लहान असतानाच गेले. घरी आई एकटीच; ग्रुपची पोरं तिला मावशी म्हणतात. अंगणात कॉलेजची पोरं, फौंड्रीतले कामगार, बँडवाले, सगळे मांडी घालून बसले होते. ड्रम वाजवणारा बसू मला बघून उठला. हा गडहिंग्लजकडचा, कानडी मुलखाच्या शिवेवरचा, त्यामुळे मला अण्णा म्हणतो.

“अण्णा, सलीमला तुम्हीच काय तर सांगा,” तो हळूच म्हणाला. “म्हणतोय ग्रुप मोडला. गिटारची पेटी न्हेऊन मावशींच्या कॉटखाली सारलीया. पुन्हा हात लावणार न्हाई म्हणतोय.”

सलीम म्हणजे ग्रुपचा गिटारवाला. मोटार रिवाइंडिंगचं दुकान चालवतो. मोटारीचीच तांब्याची तार गुंडाळून त्यानं गिटारचं पिकअप (तारांचा आवाज पकडणारा भाग) बनवलं होतं. त्याच्या शेजारी जाऊन बसलो. काय बोलायचं ते पाठ करून गेलो होतो, पण त्याचा चेहरा बघितला आणि दोघंही रडत बसलो.

जेवणं झाल्यावर आहेर निघाला. दिनकरचे मामा बिद्रीहून टॉवेल-टोप्या घेऊन आले होते. तेराव्याला नातलगांनी दुखवटा काढायचा, नवं कापड द्यायचं, आपल्या घरी घेऊन जायचं, म्हणजे माणूस कामाला लागायला मोकळा, अशी रीत. दिनकरच्या आईनं पहिला टॉवेल उचलला आणि सरळ सलीमच्या खांद्यावर टाकला. दुसरा बसूच्या. तिसरा माझ्या!

“अगं, ह्यो भाऊबंदांचा मान असतोय,” मामा पुटपुटले.

“मग हे कोण हाईत? दवाखान्यात माझ्या पोराच्या उशाला कोण बसलं हुतं?” मी काही दवाखान्यात नव्हतो, पण टॉवेल खांद्यावरून काढला नाही. मग ती सलीमकडं वळली. “तुझा दुखवटा फिटला. काढ त्यी पेटी.”

“मावशी, हात उठत न्हाई ओ.”

तिनं त्याच्या खांद्यावरचा टॉवेल नीट केला. “बरं. माझा दुखवटा तुम्ही काढा. दादा मला बिद्रीला चल म्हणतोय. मला तुमच्या शेडात न्या. कधी आले न्हाई मी. माझं पोरगं कुठं गात हुतं त्ये तर बघू द्या.”

याला नाही कोण म्हणणार? पेटी निघाली. उद्यमनगरातल्या फौंड्रीमागं पत्र्याचं शेड आहे, तिथं सगळे पोचलो. ओतकामाच्या काळ्या वाळूचा वास आत भरलेला. बसूनं दिवे लावले, अँप्लिफायर चालू केला. कोपऱ्यातला बेस मी गळ्यात घातला. सलीम गिटार मांडीवर घेऊन बसला, पण बोटं तारेवर जाईनात. शेडाबाहेर दाटीनं माणसं उभी होती.

मधोमध माइक. त्याचं जड बूड दिनकरनं स्वतः ओतलेलं. आईनं त्यावरून हात फिरवला. “लई उंच हाय की.”

“त्याच्या उंचीवर हाय, मावशी,” सलीम म्हणाला. “कुणी हलवला न्हाई.”

ती टाचा उंचावून उभी राहिली. “हे... चालू हाय व्हय?” स्वतःचाच आवाज पत्र्यावर दणाणला तशी दचकली. पुन्हा पुढं झाली, आणि दारातून पोराला हाक मारावी तशी तिनं हाक मारली, “दिनूऽऽ! ये रं, जेवाय ये!”

बाहेर एक माणूस हलला नाही.

मग तार वाजली. सलीमच वाजवत होता, मान खाली घालून, दिनकरचं पहिलं गाणं. बसूचा ड्रम आला, माझा बेस आला. आई ऐकत राहिली आणि एकदम म्हणाली, “अगं बाई, ह्ये व्हय? ह्ये तर मी रोज ऐकलंय! न्हाणीत हेच म्हणायचा की!” आणि पदर तोंडाला लावून ती हसत, रडत राहिली.

गायची ओळ आली आणि कुणी न गाताच गेली. पुन्हा आली, पुन्हा गेली. तिसऱ्यांदा तिनं पदरानं डोळे पुसले आणि माइकच्या स्टँडचा स्क्रू पिळायला लागली. घट्ट बसलेला होता. दोन्ही हातांनी जोर लावून तिनं तो सैल केला, माइक खाली ओढला आणि बुटक्या सलीमच्या तोंडापुढं आणून ठेवला.

“म्हण,” ती म्हणाली.

सलीम बेसूर गायला. बाहेरच्या सगळ्यांनी त्याला सांभाळून घेतलं.

परतीच्या बसमध्ये मी खिडकी उघडी ठेवली होती. सकाळी पुण्यात घरी पोचलो. बायकोनं चहा पुढं केला आणि विचारलं, “आई सावरल्या का रे त्याच्या? तुम्ही दिलात ना धीर?”

काय सांगणार तिला! तो माइक खाली घ्यायचं धाडस आमच्यातल्या एकाही गड्याला झालं नव्हतं.