आधी नाव, मग गाडी

दुसऱ्याच्या प्रश्नाचा माझ्या साडूंइतका आदर करणारा माणूस साऱ्या मराठवाड्यात झाला नसेल; आणि त्याच आदरापायी एका बाईचा जीव गेला, असे ते अखेरपर्यंत मानत राहिले. सत्तरच्या दशकात, हिंगोली परभणी जिल्ह्यात होती तेव्हा, ते एका लहान बसस्थानकावर चौकशीच्या खिडकीत बसत. एकदा जवळा बाजारचा एक व्यापारी भांडायला आला, "तुमीच चुकीची वेळ सांगितली." साडूंपाशी पुरावा नव्हता. दुसऱ्याच दिवशी त्यांनी जाड वही आणून पट्टीने रकाने आखले: विचारणाऱ्याचे नाव, गाव, प्रश्न, कारण आणि शेवटी उत्तर. नियम असा, की आधीचा रकाना भरल्याशिवाय पुढच्याला हात लावायचा नाही. गणितात पायरी गाळू नये, हे मी वर्गात मुलांना शिकवीत असे. साडूंनी ते आयुष्याला लावले. दुष्काळातल्या एका उन्हाळ्यात "पाणी कुठं भेटल?" हा प्रश्नही नावागावासकट नोंदला जाई, आणि उत्तराच्या रकान्यात ते सुवाच्य अक्षरात "नाही" लिहीत. गोरेगावचे एक म्हातारे नुसते बोलायला म्हणून येत. "कसं काय साहेब?" एवढे ते म्हणाले, की साडू लेखणी उचलीत. "प्रश्न झाला. नाव?" "अवो, कालच सांगितलं की." "काल कालचा प्रश्न होता." घरी माझी मेहुणी तर "जेवता काय?" हे विचारायलाही बिचकू लागली होती.

त्याच उन्हाळ्यात डोंगरकड्याकडचा एक शेतकरी हगवणीने गळून गेलेल्या बायकोला बाकावर निजवून खिडकीशी आला. पुढचे बोलणे साडूंनी मला इतक्यांदा ऐकवले, की ते मला पाठ आहे. "नांदेडची गाडी कोनती जी?" "आधी नाव." त्याने नाव सांगितले. "गाव?" तेही सांगितले. "साहेब, गाडी दाखवा न. बाई निपचित पडून राहिली." "तेच लिहून राहिलो. नांदेडला काहून?" तो कारण सांगू लागला तोवर इमारतीच्या मागे उभी असलेली नांदेडची गाडी निघून गेली. पुढची संध्याकाळी होती. बाई त्याआधीच, त्या बाकावरच वारली. तो माणूस एक शब्दही भांडला नाही, हे साडूंना सर्वांत जड गेले. बाई दवाखान्यात पोचूनही वाचली नसती, असे डॉक्टरांचे मत मी त्यांच्या कानी घातले. ते म्हणाले, "मास्तर, डॉक्टरची गाडी चुकली नव्हती."

त्यानंतर नियम उलटा झाला. प्रश्न पुरा होण्याआधीच साडू उत्तर देत, खिडकी सोडून प्रवाशाचे गाठोडे उचलीत, त्याला गाडीत बसवीत आणि मग चालत्या गाडीबरोबर वही घेऊन धावत नाव विचारीत. कंडक्टर म्हणे, "साहेब, तुमीच पडसाल एखाद्या दिवशी." नावाचे रकाने बहुतेक कोरेच राहू लागले.

साडूंच्या निवृत्तीच्या सुमारास मी एकदा त्यांच्याजवळ बसलो असता एक पिकल्या मिशांचा माणूस खिडकीशी आला. "नांदेडची गाडी?" साडूंनी मान वर केली आणि त्यांचा चेहरा उतरला. "मागं उभी हाय. चला, बसवून देतो." तो जागचा हलला नाही. "वेळ हाय का तिला?" "हाय." "मंग लिहून घ्या. त्या दिवशी तुमचं अर्धंच राहिलं होतं."

साडूंनी जुनी वही काढली. ते पान त्यांना शोधावे लागले नाही. कारणाचा रकाना तसाच कोरा होता.

"बायकोला दवाखान्यात न्यायचं व्हतं," तो माणूस सावकाश म्हणाला. "सखुबाई नाव तिचं. तिचं नाव तुमी विचारलंच न्हाई."

साडूंनी ते नावासकट लिहिले; अक्षर प्रथमच ओळीखाली गेले. लिहून झाल्यावर त्यांनी वही मिटली, त्याची पिशवी उचलली आणि ते दोघे इमारतीच्या मागे गेले. गाडी सुटल्याचा आवाज मला ऐकू आला. साडू मात्र बऱ्याच वेळाने परतले. तोवर खिडकीशी आलेल्यांना गाड्या मीच सांगितल्या. नाव कोणाचेही विचारले नाही.