गाडी कुठं बसवायची?

बारामतीत भल्या सकाळी माझ्या धाकट्या भावानं गाडी सुरू केली आणि मला पत्ताच लागला नाही. मी आपली दार उघडं टाकून "अरे विन्या, कर की सुरू!" म्हणत बसले होते, तोवर अंगणातला पेरू मागं सरकायला लागला. घाईनं दार ओढलं तर पदर अडकला. विनायक पोट धरून हसत म्हणाला, "माई, इंजिनच नाही म्हटल्यावर घरघर कुठून येणार?"

तेव्हा आधी या गाडीची कूळकथा सांगते. शहाण्णव सालची संक्रांत नुकतीच झाली होती. मी पुण्यात भूगोल शिकवते, आणि तिळगूळ घेऊन माहेरी आले होते. विनायक इथल्या एका कारखान्यात मोटारी दुरुस्त करायचा. वर्षापूर्वी त्यानं ती नोकरी सोडली, भंगारातली एक गाडी आणली, तिचं इंजिन काढून फेकलं आणि तिथं विजेची मोटर बसवली. मागच्या सीटच्या जागी शिशाच्या जड बॅटऱ्यांची रांगच लावली. गल्ली हसली. त्याची बायको मनीषा मात्र हसली नाही. तिनं भावाकरवी त्याच्यासाठी मस्कतला नोकरी बघून ठेवली.

शेवटी नवराबायकोचं ठरलं ते असं. इंदापूरच्या एका दूध डेअरीच्या चेअरमनना गावोगावचं दूध गोळा करायला विजेच्या टेम्पोची कल्पना आवडली होती. पण त्यांची अट होती की ही गाडी आधी बारामतीहून इंदापूरला आपल्या चाकांवर आली पाहिजे, ट्रॅक्टरला बांधून नव्हे, आणि संध्याकाळच्या मीटिंगच्या आत. शिवाय अशा गाड्या चार्ज कुठं करायच्या, याचंही उत्तर पाहिजे. जमलं तर विनायक इथंच राहून टेम्पो करणार. नाही जमलं तर गाडी भंगारात आणि विनायक मस्कतला. असा प्रवास सोडून घरी वड्या थापत बसेन तर मी कसली! म्हटलं, मी येणार.

पिंपळीला चहाला थांबलो. थांबलो म्हणजे काय, टपरीवरच्या माणसांना आम्ही आलेलंच कळलं नव्हतं. विनायकनं हॉर्न दिला तेव्हा सगळे दचकले. मग ही गर्दी! एकजण बॉनेट उघडायला लावून आत डोकावला आणि इंजिनाच्या जागी छोटीशी मोटर बघून त्याचं तोंड उघडंच राहिलं. फेटेवाल्या एका आबांनी तर पत्र्याला कान लावला, बराच वेळ ऐकलं आणि निकाल दिला, "ह्यात जीव हाय का न्हाय, त्येच कळंना."

पुढचा रस्ता म्हणजे नुसती मजा. डाव्या कालव्याला तुडुंब पाणी होतं, दोन्ही अंगांना ऊसतोड चालू होती, आणि हवेत गुऱ्हाळाचा गोड धूर. उसाच्या बैलगाड्यांना आम्ही अगदी खेटून ओलांडून गेलो तरी बैल बुजले नाहीत. एरवी मोटारीच्या आवाजानं ते कसे कावरेबावरे होतात! मला इतका आनंद झाला की मी मोठ्यानं गाणंच म्हणायला लागले. विनायक म्हणाला, गाडीचा आवाज नाही त्याची भरपाई तू करतेयस. मी चालूच ठेवलं.

आता गोम अशी, की ही गाडी एका दमात इंदापूर गाठू शकत नव्हती. वाटेत पोट भरणं भाग होतं, म्हणून विनायकनं वाट वाकडी करून कळंबच्या एका पिठाच्या गिरणीवाल्याशी आधीच बोलून ठेवलं होतं. दुपारी तिथं पोचलो. गिरणीवाला धान्याच्या पोत्यावर मांडी घालून निवांत बसला होता. आम्हाला बघून म्हणाला, "लाईट न्हाय." इकडं विजेलाच लाईट म्हणतात, मग दिवा लागो की मोटर फिरो. सकाळपासून गेली होती, कधी येणार ते कुणालाच ठाऊक नव्हतं. विनायकचा चेहरा खर्रकन उतरला.

गिरणीवाला माणूस मात्र चांगला. तो म्हणाला, गावाची लाईन बंद असली तरी शेतीच्या लाईनीला आज दुपारची पाळी आहे. मागं फिरा, रस्त्याकडंला सोपानतात्यांची वस्ती (रानातली घरं) लागेल, त्यांच्या विहिरीवर मोटर आहे. फिरलो. काटा तळाला टेकला होता. विनायक ॲक्सिलरेटरवर पाय असा ठेवत होता, जणू खाली अंडं आहे. वस्तीची घरं दिसली, विहीर दिसली, आणि तिथंच बांधाच्या कडेला गाडी गप उभी राहिली.

धोतर, मुंडासं आणि खांद्यावर घोंगडी असा एक उंच म्हातारा हुरड्याच्या आगटीपासून उठून आला. हेच सोपानतात्या. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, "काय, गाडी बसवायची हाय व्हय?"

माझं डोकंच सणकलं. आमच्या पुण्यात दुकान बसतं, धंदा बसतो, पावसानं घर बसतं. बसलं म्हणजे कारभार आटोपला! मी ठसक्यात म्हणाले, "बसली नाही हो तात्या, थांबलीय."

मग घोंगडी सावरत त्यांनी मला समजेल असं सांगितलं. त्यांच्या घरी वडलांपर्यंत मेंढरं होती. आता ऊस आणि कांदा आहे, एक मुलगा कारखान्यात आहे. पण अजूनही सुगी झाली की मेंढरांचे कळप त्यांच्या रानात बसवले जातात. कळप चालून दमलेला असतो, त्याला मुक्काम हवा असतो. रानाला खत हवं असतं. मेंढरं रात्रभर बसतात, लेंड्या टाकतात आणि पुढं जातात. कळपवाल्याला धान्य मिळतं, रानाला कस मिळतो. याचं नाव बसवणं. तुमचीही गाडी चालून दमलीय, मग ती बसवायची का, एवढंच तात्या विचारत होते. मी ओशाळून म्हटलं, बसवायची आहे.

त्यांच्या पोरांनी ट्रॅक्टर आणला, दोर काढला. विनायक दोन्ही हात पसरून आडवा उभा राहिला. ओढलेली गाडी चालणार नव्हती ना! मग विहिरीवरच्या पेटीपासून लांबलचक वायर गाडीपर्यंत आणली. पण सगळ्या शिवारातल्या विहिरींवरच्या मोटरी पाणी उपसत असल्यानं विजेला जोरच नव्हता. चार्जरचा काटा नुसता थरथरायचा. तात्यांनी ते पाहिलं आणि उसाला चाललेलं आपलं पाणी बंद केलं. आठवड्यात मोजक्या पाळ्या, त्यातली ही एक! शेजारच्या विहिरीवाल्यालाही त्यांनी हाळी देऊन मोटर थांबवायला लावली. चार्जर घुमायला लागला.

मी उपकार मानायला लागले, तर तात्या गालात हसून म्हणाले, "मेंढरं लेंड्या टाकून जात्यात. तुमची गाडी काय टाकून जानार?" विनायक चार्जरचा काटा बघायला वाकला.

तेवढ्यात रस्त्यावरून इंदापूरची एसटी आली. आमची मीटिंग चुकू नये म्हणून तात्यांनी ती हात करून थांबवली आणि कंडक्टरकडं निरोप दिला, डेअरीच्या चेअरमनना सांग, गाडी आमच्या रानात बसलीया, सांजच्याला येतीया. मला वाटलं, किती छान!

मग आम्ही जेवलो. तात्यांच्या सूनबाईंनी ज्वारीच्या भाकरी, पावट्याचं कालवण (रस्साभाजी), लसणाचा ठेचा आणि ताक वाढलं. वर आगटीतला गरम हुरडा, तळहातावर चोळून शेंगदाण्याच्या चटणीबरोबर. पुण्यात हुरडा विकत मिळतो; त्याला हुरडा म्हणतात एवढंच. मी इतकं जेवले की गाडीला माझं ओझं होईल, असं विनायक म्हणाला.

वस्तीवर त्या दिवशी गडबडही होती. तात्यांच्या नातीची सुपारी (लग्न पक्कं करायचा कार्यक्रम) होती. दारात मंडप होता, आंब्याच्या झाडाला कर्णा बांधला होता. पाहुण्यांचा ट्रक आला, सनईची कॅसेट लागली, आणि फस्स झालं. लाईट गेली. कर्णा मुका, आमचा चार्जर मुका. गाडी पुरती भरली नव्हती. विनायकनं काटा बघितला आणि पुटपुटला, जेमतेम पोचू, आता निघायलाच हवं.

मुलीकडच्या बायका मंडपात हिरमुसून उभ्या होत्या. नवरदेवाकडचे मांडी घालून बसलेले, आणि सनईविना सुपारी फुटणार असं दिसत होतं. तात्यांनी आम्हाला निघायची खूण केली. पण विनायक गाडीत बसला नाही. त्यानं बॉनेट उघडलं, बाजूची एक सुटी बॅटरी काढली, उचलून कर्ण्याच्या पेटीशी नेली आणि वायरी जोडल्या. झाडावरून सनई अशी काही वाजायला लागली की कावळे उडाले.

मी घाबरून त्याला बाजूला ओढलं. म्हटलं, अरे, बॅटरी देऊन टाकलीस, आता गाडी चालणार कशी? तो म्हणाला, मोटरला ही लागत नाही. हिच्यावर फक्त दिवे आणि हॉर्न चालतात. आपल्याला अंधाराच्या आत पोचायचंच आहे. बॅटरी उद्या नेऊ.

तात्या आम्हाला बांधापर्यंत पोचवायला आले. मंडपाकडं बोट करत म्हणाले, "टाकल्या की लेंड्या."

पुढचा प्रवास जन्मात विसरणार नाही. आधीच गाडीला आवाज नाही, त्यात हॉर्न नाही. रस्त्यावर शाळेतून सुटलेली पोरं, वैरणीचे भारे घेतलेल्या बाया, सायकलवाले, कुणालाच आमची चाहूल लागेना. शेवटी मीच खिडकीतून अर्धी बाहेर निघाले आणि "सरका हो बाजूला, गाडी आली!" असं ओरडत राहिले. वर्गावर कमावलेला आवाज त्या दिवशी कामी आला. एका म्हशीनं तेवढा मला भाव दिला नाही. विनायक एक डोळा काट्यावर आणि एक कलत्या सूर्यावर ठेवून होता. डाळिंबाच्या बागा मागं पडल्या, माळ लागला, आणि प्रत्येक चढावर मी श्वास धरून बसायची. जसं काही त्यानं वजन कमी होतं!

दिवेलागणीला, अगदी कासवाच्या चालीनं, आम्ही इंदापुरात डेअरीच्या फाटकातून आत शिरलो. चेअरमन जीपमध्ये चढत होते. मीटिंग मोडली होती. आम्हाला बघून त्यांचा एक पाय वरच राहिला.

"अहो, तुमची गाडी बसली म्हणून निरोप आला, तशी मीटिंग लवकरच मोडली," ते म्हणाले.

मी कपाळावर हात मारला. कंडक्टरनं निरोप इमानानं पोचवला होता, पण 'आमच्या रानात' आणि 'सांजच्याला येतीया' एवढं वाटेत सांडलं होतं. विनायक त त प प करायला लागला. घसा बसला होता तरी मीच पुढं झाले.

"बसलीच होती साहेब," मी म्हणाले. "सोपानतात्यांच्या रानात. मेंढरं बसतात तशी."

चेअरमन जीपमधून खाली उतरले. त्यांचंही घराणं मूळचं मेंढरं राखणारं, हे मला नंतर कळलं. ते गाडीशी आले, दोर बांधल्याची कुठं खूण आहे का ते वाकून बघितलं आणि विचारलं, "मग रानाला काय मिळालं?"

विनायकनं बोलण्याऐवजी बॉनेट उघडलं आणि बॅटरीची रिकामी जागा दाखवली. मग त्याला वाचा फुटली. सनईचं सांगितलं, कर्ण्याचं सांगितलं. चेअरमननी वाकून त्या रिकाम्या जागेवर हात फिरवला. आमच्या दूध केंद्रांवर लाईट गेली, ते म्हणाले, की दुधाचं फॅट काढायचं (मोजायचं) मशीन बंद पडतं आणि कॅन घेऊन आलेली माणसं ताटकळतात, भांडतात. टेम्पोला तर केंद्रावर थांबावं लागतंच. वीज असेल तेव्हा टेम्पोनं केंद्राची घ्यायची, नसेल तेव्हा थोडी केंद्राला द्यायची.

"म्हणजे चार्जिंगचं कुठं, हे ठरलं," ते म्हणाले. "पहिला टेम्पो करा. केंद्राकेंद्रावर बसवू."

विनायकनं एसटीडी बूथवरून मनीषाला फोन केला. मी काचेबाहेर उभी होते. रिसीव्हर ठेवून तो बाहेर आला तेव्हा रडत होता. ती म्हणाली होती, तुझी बॅग मी भरायला घेतलीच नव्हती. मग मीही रडले, आणि मग दोघांनी हातगाडीवरची भजी खाल्ली.

गाडी रात्रभर डेअरीत चार्ज करून दुसऱ्या दिवशी आम्ही परत फिरलो. बॅटरी घ्यायला तात्यांच्या वस्तीवर थांबलो आणि विनायकनं आपणहून विहिरीपासून वायर ओढून गाडी चार्जिंगला लावली. आंब्याखाली बसून मी तो रस्ता बघत होते. वर्गात मी पोरांना नकाशात गावं दाखवते, रस्ते दाखवते, पण दमलेल्याला बसू देणारी रानं कुठल्याच नकाशात नसतात. या गाड्या पुढं किती चालतील, देव जाणे. चालल्या तर अशाच कुणाकुणाच्या दारात बसत बसत जातील, असं मला वाटतं.

तेवढ्यात एसटी येऊन थांबली. कालचाच कंडक्टर. गाडी पुन्हा त्याच बांधाला उभी बघून त्यानं खिडकीतून डोकं काढलं आणि हळहळत विचारलं, "काय ताई, बंद पडली का?"

"न्हाय," मी बसक्या आवाजात ओरडले, "बसलीया!"