दामूदादांचा अंगठा

तांबट आळीत ज्यानं चार वर्षं काढली, त्याच्याकडे किस्से मागावे लागत नाहीत. पत्रा कापला की कातरण पडतं, तसे ते पायाशी साठत जातात. आम्ही जुनी मंडळी जमलो की एकेक उचलतो, आणि नामदेव दर वेळी म्हणतो, "यातलं निम्मं खोटं आहे, पण कुठलं निम्मं ते विचारू नका!"

आमचे मालक दामूदादा. मला हातोडी धरायला शिकवली ती त्यांनीच. काळ एकोणीसशे तीसनंतरचा. नाशकात बोलपट आला होता, समोरच्या हॉटेलात ग्रामोफोन आला होता, आळीच्या तोंडाशी मोटारी भोंगे वाजवायला लागल्या होत्या. दादांना ठाम संशय होता, की ही सगळी व्यवस्था कोणीतरी फक्त त्यांच्या माणसांना कामावरून उठवण्यासाठी केलेली आहे.

आमच्यात रीत अशी, की हंड्याचं पोट ठोकायला घेतलं की शेवटचा ठोका पडेपर्यंत उठायचं नाही. कारण उठून परत बसलं की हात ताजा होतो, ठोका जरा जड पडतो, आणि पोटावर बारीकसं कडं उमटतं. तुम्हाआम्हाला ते दिसणारही नाही. पण दादा डोळे मिटून हंड्यावरून अंगठा फिरवायचे आणि बरोबर तिथं थांबायचे.

"इथं उठलास. कुठं गेला होतास?"

पोलिसांचं बरं, ते निदान मारून विचारतात!

बिनकड्याचा हंडा जो करेल त्याला दादा स्वतःचा ठसा करून देत. भांड्याच्या बुडावर आपलं नाव. संधी तीनच. तिन्ही हुकल्या तर जन्मभर दुसऱ्याच्या नावानं ठोकत बसायचं. माझे वडील असेच बिनठशाचे गेले. त्यांनी हजारो हंडे केले असतील, पण त्यातला एकही आज मला ओळखता येत नाही. मला ठसा हवाच होता.

*

पहिली संधी ग्रामोफोननं घालवली. मी निम्म्यावर आलो होतो आणि समोर नवीन रेकॉर्ड लागली. असला आवाज त्या बाईचा! मी म्हटलं, "दादा, पाणी पिऊन येतो."

संध्याकाळी अंगठा फिरला आणि थांबला. "इथं उठलास."

"पाणी प्यायला. सांगून गेलो होतो."

दादांनी पुन्हा अंगठा फिरवला. "पाण्याला एवढा वेळ लागत नाही. दोन गाणी ऐकलीस."

मी गार पडलो. अंगठ्याला गाणीसुद्धा मोजता येतात, हे मला नवीन होतं. हॉटेलवाला त्यांना सामील होता असा माझा आजही संशय आहे. पण तो मेला बिचारा, आता विचारणार कुणाला?

*

नामदेवचं वेड बोलपट. एका दुपारी त्यानं निरोप धाडला, "ताप आलाय, येत नाही." दादा हसले. "बोलपटाचा ताप!" म्हणाले आणि टोपी घालून थेट थिएटरात गेले.

आत अंधार. नामदेव कुठं दिसेना. दादांनी विचार केला, मध्यंतराला दिवे लागतील तेव्हा धरू. मध्यंतरात प्रत्येक रांग तपासली. नाही. म्हणजे बाहेर चहाला गेला असणार, परत येईलच. पुन्हा अंधार झाला. दादा बसले ते खेळ संपेपर्यंत!

नामदेव घरी गोधडीत कुडकुडत होता.

दुसऱ्या दिवशी आम्ही विचारलं, "दादा, तो नव्हताच, मग उठून का आला नाहीत?"

"एकदा बसलं की मधे उठणं आपल्यात नाही," दादा म्हणाले. आणि जरा थांबून, "शिवाय त्या पोरीचं पुढं काय झालं ते कळायला नको?"

*

हबीबचाचा आमचे कल्हईवाले. मूळचे मालेगावचे, पण मराठी शाळेत शिकलेले. एकदा मालेगावच्या व्यापाऱ्याला द्यायची भांडी आम्ही रद्दी वर्तमानपत्रांत गुंडाळून ठेवली होती. दादा जेवून आले तर चाचा एकेक भांडं सोडून बघताहेत! अकरा भांडी उघडी, कागदांचा ढीग, आणि चाचांचा हात बाराव्यात.

दादा दारातच ओरडले, "चाचा! माझ्या दुकानात चोरी?"

"चोरी कसली, दादा? खुनी ढूंढतोय!"

झालं असं होतं, की घागरीच्या कागदावर खुनाची गोष्ट छापलेली होती आणि शेवट भलत्याच भांड्यावर गेला होता. दादांनी चाचांना खूप झापलं, कामाच्या वेळी वाचन म्हणजे काय, वगैरे. मग स्वतः तेरावं भांडं सोडलं. खुनी पातेल्यावर सापडला. तो वकील निघाला, आणि दादा म्हणाले, "मला पहिल्यापासून वाटतच होतं!"

*

घड्याळाचा किस्सा मात्र मला अजून झोंबतो. कोण किती वेळ बाहेर जातो ते कळावं म्हणून दादांनी भिंतीवर मोठं घड्याळ लावलं. ठण्‌ठण् वाजणारं. "आता बघतो कोण उठतो ते!"

कोणीही उठलं नाही. सगळे बसल्या जागी घड्याळ बघत राहिले! किती वाजले, जेवणाला किती अवकाश, मोठा काटा अडकला तर नाही ना. माझी दुसरी संधी त्याच आठवड्यात होती. मी शपथेवर सांगतो, जागेवरून हाललो नाही. पण अंगठा फिरला तो चार वेळा थांबला.

"दहा वाजता मान वर केलीस. अकरालाही. बाराला तर दोनदा!"

घड्याळ उतरलं, दादांच्या घरी गेलं. माझी संधी काही परत मिळाली नाही. उरली एकच.

*

तिसऱ्या हंड्याला मी बसलो तो असा, की कानात कापूस आणि तोंड भिंतीकडे. समोर रेकॉर्ड लागली. बोलपटाच्या जाहिरातीची बँडवाली मिरवणूक आळीतून गेली, सगळे दाराकडे धावले. मी ठोकत राहिलो. दादा मागं बाकावर बसून माझ्यावर डोळा ठेवून होते. आता चारच बोटं पोट उरलं होतं.

तेवढ्यात नामदेवनं माझा खांदा गदागदा हलवला. मी कापूस काढला.

"काशिनाथ, घरून सांगावा आलाय. सुईण म्हणते तिच्या हातातलं नाही, डॉक्टरीणबाई आणा."

माझ्या बायकोला आई नाही, म्हणून बाळंतपण आमच्याकडेच होतं. मी हातातल्या हातोडीकडे बघितलं. खोटं कशाला सांगू, एक क्षण बघितलं, आणि त्या क्षणाची मला आजही लाज वाटते. मग हातोडी टाकली आणि पळालो. टांगा केला, पूल ओलांडून पंचवटीतून बाईंना आणलं. दोन-अडीच तास दाराबाहेर उभा होतो. मुलगी झाली. दोघी वाचल्या.

सकाळी दुकानात गेलो तो मनाची तयारी करूनच. हंडा दादांच्या मांडीवर होता, पुरा झालेला! मी नामदेवकडे बघितलं. नामदेव छताकडे बघत होता.

दादांनी डोळे मिटले. अंगठा एकदा फिरला. दुसऱ्यांदा फिरला. तिसऱ्यांदा. कुठंच थांबला नाही.

"कडं नाही," दादा म्हणाले.

मला राहवेना. "दादा, मी उठलो होतो. शेवटची चार बोटं मी केलेली नाहीत."

"कोण म्हणतं?"

"मीच म्हणतोय! मुलगी झाली मला!"

"मुलगी झाली असेल. पण तू उठला नव्हतास. माझा अंगठा खोटा ठरवतोस?"

मी हंडा हातात घेतला. ठोका हुबेहूब माझा होता. आता प्रत्येक माणसाचा ठोका वेगळा असतो, नामदेवचा तिरका पडतो, इतरांचे उथळ. माझ्यासारखा ठोका आळीत दुसऱ्या कोणाचा असलाच, तर ज्यानं मला हातोडी धरायला शिकवली त्याचा. आणि त्यांनी तर खांदा गेल्यापासून तीन वर्षं हातोडी उचलली नव्हती.

दादांनी त्याच दिवशी माझा ठसा करायला टाकला.

बारशाला दादा आणि वहिनी आले. बायकोनं मुलीला दादांपुढं धरलं, तर त्यांनी डावाच हात पुढं केला.

"उजव्यावर देऊ नकोस गं," वहिनी म्हणाल्या. "बारा दिवस झाले, हात वर होत नाही यांचा. तेल लावतेय, शेकतेय. काय उचललं होतं विचारलं तर सांगत नाहीत. काशिनाथ, तुला काही माहीत आहे का रे?"

मी दादांकडे बघितलं. दादा मुलीकडे बघत होते.

"कसं असतं," ते म्हणाले, "माणसानं उगाच संशय घेऊ नये!"